बंपरवरची भूमिका

स्वतःच्या मालकीच्या वस्तूवर छापील कागद चिकटवून आपण कोण, कुठले आणि कोणाच्या बाजूचे हे अनोळखी माणसांना सांगण्याची पद्धत जेमतेम सव्वाशे वर्षांची आहे. वस्तूवर नाव घालण्याची चाल तिच्याहून पुष्कळ जुनी. लग्नात आलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांवर नाव कोरून घेणे महाराष्ट्रात घरोघरी चाले; पण ते नाव भांडे पंगतीत बदलले जाऊ नये म्हणून असे, वाचणारा बहुधा ओळखीचाच असे. स्टिकर वाचणारा मात्र परका असतो. तो सिग्नलला मागे थांबलेला असतो, आगगाडीत समोर बसलेला असतो किंवा नाक्यावर शिट्टी घेऊन उभा असतो. तो कसा वागेल याचा अंदाज नसताना मालक आपली बाजू त्याच्यापुढे मांडतो आणि सभेतली घोषणा संपली तरी त्याला ते स्टिकर घेऊनच रोज फिरावे लागते. स्टिकरला वजन येते ते या जोखमीमुळे. त्याचा इतिहास तपासताना डिंक आणि शाईइतकीच ती जोखीमही ध्यानात ठेवावी लागते.

सुरुवात प्रवासी सामानापासून झाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रेल्वे आणि आगबोटींमुळे युरोपात हौशी प्रवास वाढला, तेव्हा मोठी हॉटेले पाहुण्यांच्या ट्रंकांवर आपले रंगीत लेबल लावू लागली. हमालाला सामान कुठे पोचवायचे ते कळावे आणि फुकटात जाहिरात व्हावी, असे दोन्ही हेतू त्यात होते. नेपल्सच्या रिख्टर अँड कंपनीसारखे छापखाने शिलामुद्रणाने ही लेबले इतकी देखणी छापत की ती खरवडून काढायचे कोणाच्या मनात येत नसे. मुंबईचे ताजमहाल हॉटेल १९०३ मध्ये सुरू झाले. त्याचीही लेबले देशोदेशींच्या ट्रंकांवर गेली. काही वर्षांतच प्रवाशांना त्यांची गोडी लागली. कैरो, व्हेनिस, मुंबई, सिंगापूर अशी लेबले एकाशेजारी एक असलेली ट्रंक मालकाची ऐपत आणि त्याने पाहिलेले जग फलाटावरच्या सगळ्यांना दाखवी. चिकटवलेल्या कागदावरून माणसाची पत ओळखायची सवय जगाला लागली ती इथे.

राजकारणात अशी खूण आधी कपड्यांवर आली. १७८९ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या पदग्रहणाच्या वेळी पितळी बटणे निघाली होती. १८९६ च्या मॅकिन्ली विरुद्ध ब्रायन या अध्यक्षीय निवडणुकीत न्यूअर्कच्या व्हाइटहेड अँड होग कंपनीचे सेल्युलॉइडचे बिल्ले अमेरिकेत अमाप खपले. बिल्ला स्वस्त, रंगीत आणि सहज टोचता येणारा होता. मात्र घरी गेल्यावर तो कोटाबरोबर खुंटीला जाई आणि अडचणीच्या जागी खिशात टाकता येई. त्याहून पक्की खूण हवी असेल तर टिकाऊ पृष्ठभाग हवा होता आणि त्याला धरून ठेवणारा चिकट पदार्थही हवा होता. दोन्ही मिळायला आणखी अर्धे शतक गेले.

चिकटपणाचा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो, पण या इतिहासाची कळ त्यातच आहे. १८४० मध्ये ब्रिटनने पहिले टपाल तिकीट काढले तेव्हापासून मागे डिंक लावलेला कागद लोकांच्या हाती आला होता. तो ओला करून लावावा लागे. कागदावर आणि लाकडावर तो चांगला बसे. पत्र्यावर आणि काचेवर टिकत नसे, पावसात तर सुटूनच येई. १९३५ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये स्टॅन एव्हरी या तरुणाने यावर तोड काढली. होणाऱ्या पत्नीकडून घेतलेले १०० डॉलर, धुलाई यंत्राची जुनी मोटर, शिवणयंत्राचे सुटे भाग आणि एक विजेची करवत एवढ्या भांडवलावर त्यांनी यंत्र उभे केले. त्यातून निघणारे लेबल मागच्या गुळगुळीत कागदावरून सोलायचे आणि नुसते दाबून चिकटवायचे. पाणी नको की खळ नको. भेटवस्तूंच्या दुकानांत वस्तूवर किंमत लावायला ही लेबले वापरली गेली. या साध्या लेबलातूनच पुढे मोठा उद्योग उभा राहिला आणि आजचे प्रत्येक स्टिकर त्याच रचनेचे आहे.

पृष्ठभाग मोटारीने दिला. फोर्डच्या जुन्या मॉडेल टीला बंपर नसे. १९२७ मध्ये आलेल्या मॉडेल एवर तो होता आणि इतर कंपन्यांच्या गाड्यांवरही तो सर्रास दिसू लागला. पर्यटनस्थळांच्या मालकांनी ही आडवी पट्टी लगेच हेरली. मिसुरी राज्यातल्या मेरामेक गुहांचे मालक लेस्टर डिल यांनी वाहनतळावर पोरे नेमली होती. प्रवासी गुहा पाहायला आत गेले की ही पोरे त्यांच्या गाडीच्या बंपरला गुहेच्या नावाची पाटी बांधून ठेवत. पुठ्ठ्याची पाटी, तारेने आवळलेली. वाऱ्याने फडफडे, पावसाने गळे. शिवाय ती गाडीवाल्याने मागितलेली नसे. त्याची गाडी दुसऱ्याच्या जाहिरातीला परस्पर वापरली जात होती, हा मुद्दा पुढे एका खटल्यात निराळ्या रूपात परत आला.

एव्हरींचे चिकट लेबल, मोटारीचा बंपर आणि उजळ रंग यांना एकत्र आणण्याचे श्रेय कॅन्सस सिटीचे स्क्रीन प्रिंटर फॉरेस्ट गिल यांना दिले जाते. दुसरे महायुद्ध नुकतेच संपले होते. बॉब आणि जो स्वित्झर या भावांनी तयार केलेले झगझगीत रंग युद्धकाळात विमानांना खुणावण्याच्या कापडी पट्ट्यांसाठी वापरले गेले होते. आता ते बाजारात मिळू लागले. १९४६ च्या सुमारास गिल यांनी हे रंग दाबून चिकटणाऱ्या कागदी पट्ट्यांवर छापले. मागून येणाऱ्या चालकाला काही सेकंदांत वाचता यावे म्हणून मजकूर दोन-चार शब्दांचा आणि अक्षरे जाड ठेवली. सुरुवातीची गिऱ्हाइके पर्यटनस्थळेच होती. पुढे कागदाच्या जागी व्हिनाइल आले आणि उन्हापावसात वर्षानुवर्षे टिकणारी पट्टी तयार झाली.

राजकीय पक्षांना तिची किंमत कळायला वेळ लागला नाही. १९५२ ची आयझेनहॉवर विरुद्ध स्टीव्हन्सन ही बंपर स्टिकरांची पहिली अध्यक्षीय निवडणूक मानली जाते. आयझेनहॉवर यांच्या टोपणनावावर बेतलेली ‘आय लाइक आइक’ ही तीन शब्दांची घोषणा त्या पट्टीच्या मापाचीच होती. चारच वर्षांनी, १९५६ मध्ये, अमेरिकेने ४१,००० मैलांच्या महामार्गजाळ्याचा कायदा केला. लोक उपनगरांत राहायला गेले, कामाला गाडीने जाऊ लागले आणि शेजाऱ्याशी अंगणात बोलण्याऐवजी रस्त्यावर त्याच्या गाडीची मागची बाजू पाहू लागले. बंपर स्टिकर अमेरिकेत एवढे का रुजले याचे उत्तर अमेरिकन माणसाच्या मोकळ्या स्वभावात शोधले जाते. त्यापेक्षा रस्ते आणि वस्त्या यांची ही नवी रचना जास्त पटणारे कारण आहे. १९६४ मध्ये बॅरी गोल्डवॉटर यांच्या समर्थकांनी सोन्याचे आणि पाण्याचे रासायनिक सूत्र जोडून उमेदवाराचे नाव लिहिले. तोवर वाचणाऱ्याला क्षणभर कोडे घालणारे स्टिकरही चालू लागले होते.

व्हिएतनाम युद्धाच्या काळात या पट्टीवरचा मजकूर बदलला. आता उमेदवाराचे नाव मागे पडून भूमिका पुढे आली आणि निवडणूक नसतानाही स्टिकर लागू लागले. जेराल्ड होल्टम यांनी १९५८ मध्ये ब्रिटनमधल्या अण्वस्त्रविरोधी मोर्चासाठी काढलेले वर्तुळातले शांतिचिन्ह अमेरिकेतल्या युद्धविरोधकांच्या गाड्यांवर आले. दुसऱ्या बाजूने राष्ट्रध्वज आला. १९६९ मध्ये ‘रीडर्स डायजेस्ट’ मासिकाने अंकासोबत ध्वजाचे स्टिकर वाटले आणि युद्धाला पाठिंबा देणाऱ्या घरांच्या खिडक्यांवर, गाड्यांच्या काचांवर ते झळकू लागले. ध्वज सगळ्या देशाचा. पण त्या काही वर्षांत काचेवर ध्वज असलेली गाडी एका पक्षाची आणि शांतिचिन्ह असलेली दुसऱ्या पक्षाची, अशी विभागणी लोक मनातल्या मनात करू लागले. देशाची खूण एका गटाची झाली की काय होते, हे पुढे आणखी कितीतरी देशांनी अनुभवले.

स्टिकर लावल्याची किंमत किती असू शकते हे १९६९ मध्येच एका प्रयोगातून पुढे आले. लॉस एंजेलिसमध्ये कृष्णवर्णीयांचा ब्लॅक पँथर पक्ष आणि पोलीस यांच्यातला संघर्ष रक्तपातापर्यंत गेला होता. तिथल्या कॅलिफोर्निया स्टेट कॉलेजमधले काही कृष्णवर्णीय विद्यार्थी सांगत की गाडीवर पक्षाचे स्टिकर असल्यामुळे पोलीस त्यांना वारंवार अडवतात. एफ. के. ह्यूसेनस्टॅम या प्राध्यापिकेने ही तक्रार तपासायचे ठरवले. पंधरा विद्यार्थी निवडले: पाच कृष्णवर्णीय, पाच गोरे, पाच मेक्सिकन वंशाचे. मागच्या वर्षभरात वाहतुकीचा एकही गुन्हा कोणाच्या नावावर नव्हता. सर्वांनी नियम पाळून गाडी चालवण्याचे लेखी वचन दिले, गाड्यांची तपासणी झाली आणि मग प्रत्येकीच्या मागच्या बंपरवर झगझगीत नारिंगी व काळ्या रंगातले ‘ब्लॅक पँथर’ असे स्टिकर लागले. पहिला दंड दोन तासांत झाला. सतरा दिवसांत तेहतीस दंड झाले, दंड भरायला बाजूला ठेवलेले ५०० डॉलर संपले आणि प्रयोग थांबवावा लागला. चालक काळा, गोरा की मेक्सिकन यावर ते फारसे अवलंबून नव्हते. दंड तिन्ही गटांना झाले.

या प्रयोगावरचा लेख १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रयोगाला मर्यादा होत्या. स्टिकर न लावलेल्या गाड्यांचा तुलनेसाठी वेगळा गट नव्हता, आणि आपल्याला अडवले जाणार या दडपणाने विद्यार्थ्यांच्या हातून चुका झाल्या असतील असेही म्हणता येते. तरीही आदल्या वर्षात कोरे असलेले पंधरा चालक आणि सतरा दिवसांतले तेहतीस दंड, हे अंतर केवळ योगायोगावर सोडून देता येत नाही. काही आण्यांच्या चिकट कागदाने रस्त्यावरच्या नागरिकाचे सरकारशी असलेले नाते बदलले होते.

उलट बाजूने आलेला प्रश्न न्यू हॅम्पशायर राज्यात उभा राहिला. त्या राज्याच्या खाजगी गाड्यांच्या नंबर प्लेटवर ‘स्वतंत्र जगा नाहीतर मरा’ या अर्थाचे राज्याचे ब्रीदवाक्य छापलेले असे. जॉर्ज मेनार्ड आणि त्यांच्या पत्नी मॅक्सीन हे यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाचे. देहापेक्षा चिरंतन जीवन मोठे मानणाऱ्या या दांपत्याला ते वाक्य श्रद्धेविरुद्ध वाटे, म्हणून त्यांनी ते झाकून टाकले. १९७४ च्या अखेरीस पोलिसांनी मेनार्ड यांना पकडले. दंड भरायला त्यांनी नकार दिला आणि पंधरा दिवस तुरुंगात काढले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७७ मध्ये सरन्यायाधीश वॉरन बर्गर यांनी निकाल दिला की सरकारला आपल्या विचाराचा फलक नागरिकाच्या खाजगी गाडीवर मिरवायला लावता येत नाही. बोलण्याच्या स्वातंत्र्यात न बोलण्याचे स्वातंत्र्यही येते. गाडीची मागची बाजू ही मालकाची वाणी आहे, हे कायद्याने इथे मान्य केले. मेरामेक गुहेबाहेर पोरांनी बांधलेल्या पाट्यांना कोणी न्यायालयात आव्हान दिले नव्हते, पण आक्षेपाचे मूळ तेच होते. पुढे १९९१ मध्ये जॉर्जिया राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने गाड्यांवर असभ्य मजकुराचे स्टिकर लावायला बंदी करणारा राज्याचा कायदाही रद्द केला.

युरोपात बंपरला एवढे महत्त्व कधी आले नाही. तिथे स्टिकर सायकलीवर, दारावर, दिव्याच्या खांबावर असे. त्यांतले सर्वांत दूर पोचलेले स्टिकर डेन्मार्कमध्ये तयार झाले. १९७५ मध्ये ऑरहूस शहरातल्या ॲन लुंड या तरुणीने अणुऊर्जाविरोधी चळवळीसाठी पिवळ्या पार्श्वभूमीवर हसरा लाल सूर्य काढला आणि भोवती ‘अणुऊर्जा? नको, धन्यवाद’ अशा अर्थाचे शब्द लिहिले. त्या काळची बहुतेक निषेधचित्रे कवट्या आणि मुठी दाखवत होती. या सूर्याने शेजाऱ्याशी भांडण न काढता नकार कळवला, त्यामुळे कुठल्याही चळवळीत कधी नसलेल्या माणसांनाही तो आपल्या सायकलीवर लावावासा वाटला. डझनावारी भाषांत त्याच्या आवृत्त्या निघाल्या आणि विक्रीतून चळवळींना पैसाही मिळाला. १९८५ मध्ये डेन्मार्कच्या संसदेने ऊर्जा नियोजनातून अणुऊर्जा वगळली. एका स्टिकरने तो निर्णय घडवला असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. विरोध करणारे किती आहेत हे मात्र त्या दहा वर्षांत रस्त्यावर रोज दिसत होते.

स्टिकरांतून अख्ख्या समाजाचा वाद चाललेला पाहायचा तर इस्राएलकडे वळावे लागते. छोटा देश, अरुंद रस्ते, सतत लांबलेल्या रांगा आणि राजकारणात आकंठ बुडालेले नागरिक. नव्वदच्या दशकात गोलान टेकड्या सीरियाला परत देण्याची चर्चा सुरू झाली, तेव्हा जनता गोलानच्या पाठीशी आहे असे सांगणारे स्टिकर गाड्यागाड्यांवर आले. ४ नोव्हेंबर १९९५ रोजी पंतप्रधान यित्झाक रॅबिन यांची हत्या झाली. अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन यांनी मित्राला निरोप देताना उच्चारलेले ‘शालोम, हावेर’ हे दोन हिब्रू शब्द काही दिवसांत देशभरच्या बंपरांवर चिकटले. तो शोक होता आणि रॅबिन यांच्या शांतता प्रयत्नांच्या बाजूने दिलेली साक्षही होती. लवकरच त्याच धाटणीची उत्तरे निघाली. काही रॅबिन यांची उणीव भासते असे सांगणारी, तर काही विरोधकांनी त्याच शब्दांचा साचा वापरून केलेली. बंपरांवरच्या या सवालजवाबांची दखल साहित्यानेही घेतली: २००४ मध्ये कादंबरीकार डेव्हिड ग्रॉसमन यांनी केवळ स्टिकरांवरच्या घोषणा जोडून एक गाणे रचले आणि हादाग नहाश या बँडने ते गायले. २००५ मध्ये गाझातून वसाहती उठवताना विरोधकांनी गाडीला नारिंगी फिती बांधल्या, समर्थकांनी निळ्या. तोवर अक्षरांचीही गरज उरली नव्हती, नुसता रंग पुरत होता.

स्टिकर लावणाऱ्याच्या मनाचा शास्त्रीय अभ्यासही झाला. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठातल्या विल्यम स्लेम्को आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये एक निष्कर्ष प्रसिद्ध केला: गाडीवर जितक्या जास्त खुणा, तितका चालक रस्त्यावर आक्रमक वागण्याची शक्यता जास्त. विशेष म्हणजे मजकूर शांततेचा आहे की चिथावणीचा याने फरक पडत नव्हता. ज्याने गाडी आपल्या खुणांनी भरून टाकली, त्याने तिला आपला प्रदेश मानले आणि तो प्रदेश राखण्याची वृत्ती सार्वजनिक रस्त्यावरही लागू केली, असे त्याचे स्पष्टीकरण दिले गेले. स्टिकरकडे निव्वळ मतप्रदर्शन म्हणून पाहणाऱ्यांनी हा भाग सहसा विचारात घेतलेला नाही.

गाडीखेरीज इतर वस्तूंवरची परंपरा तुटक, पण ठळक आहे. अमेरिकन लोकगायक वुडी गथ्री यांचे १९४३ मधले एक प्रसिद्ध छायाचित्र आहे. त्यात त्यांच्या गिटारवर हे यंत्र फॅसिस्टांना ठार करते अशा अर्थाचे वाक्य दिसते. पुढे गिटारची पेटी, स्केटबोर्ड, हेल्मेट या तरुणांच्या वस्तू स्टिकरांनी भरल्या. एकविसाव्या शतकात ही जागा लॅपटॉपच्या झाकणाने घेतली. वापरणाऱ्याला झाकणाची बाहेरची बाजू दिसतच नाही. ती समोरच्यासाठीच असते. संगणक परिषदांतून मिळणारी स्टिकरे तिथे साठत गेली: लिनक्सचा पेंग्विन, आवडती प्रोग्रॅमिंग भाषा, एखादे शहर, एखादी चळवळ. जुन्या ट्रंकेसारखाच तो फिरलेल्या ठिकाणांचा आणि मानलेल्या माणसांचा पट असतो. जून २०१३ मध्ये अमेरिकी हेरगिरीची गुपिते फोडणारे एडवर्ड स्नोडेन हाँगकाँगमध्ये जगासमोर आले, तेव्हा त्यांच्या लॅपटॉपवर इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन आणि टॉर या खाजगीपण जपणाऱ्या संस्थांची स्टिकरे होती. अत्यंत गुप्त यंत्रणेत काम करणारा माणूस आपली बाजू झाकणावर लावून बसला होता.

भारतात चिकट स्टिकर येण्याआधी हे काम रंगाऱ्याच्या ब्रशने केले. ट्रकच्या मागच्या फळीवर देव, गाव, मालकाची मुले, ‘मेरा भारत महान’ आणि ‘हॉर्न ओके प्लीज’ हे सगळे हाताने रंगवले जाई. गोंगाट वाढतो म्हणून यांपैकी शेवटच्या वाक्यावर महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने एप्रिल २०१५ मध्ये बंदी घातली. छापील स्टिकर ऐंशीच्या दशकात दुचाक्या आणि रिक्षांबरोबर सर्वत्र झाले. त्याच दशकाच्या अखेरीस रामजन्मभूमी आंदोलनाच्या काळात ‘गर्व से कहो हम हिंदू हैं’ हे स्टिकर दारांवर, स्कूटरवर आणि दुकानांच्या काचांवर देशभर लागले. अमेरिकेत जे काम निवडणुकीने केले ते इथे या आंदोलनाने केले: पक्षाशी औपचारिक संबंध नसलेल्या लाखो कुटुंबांनी आपली बाजू पहिल्यांदाच वस्तूंवर लावली.

महाराष्ट्रात या खुणांची घडण इथल्या सामाजिक इतिहासातून झाली. कामठीचे बाबू हरदास यांनी १९३० च्या दशकात ‘जय भीम’ हे अभिवादन रूढ केले. समोरच्यापुढे वाकून घालावयाच्या जोहारच्या जागी मान ताठ ठेवून म्हणायचा तो शब्द होता. निळ्या रंगातला ‘जय भीम’, बाबासाहेबांचे चित्र आणि अशोकचक्र दुचाकीच्या मडगार्डवर किंवा रिक्षाच्या मागे येते तेव्हा तो आत्मसन्मान गल्लीबाहेर, अनोळखी वस्त्यांतून फिरत असतो. ब्लॅक पँथर स्टिकरमुळे जी जोखीम लॉस एंजेलिसमध्ये होती तिची जाणीव हे स्टिकर लावणाऱ्यालाही असते, म्हणून त्याला शोभेची वस्तू समजणे चूक आहे. दादरच्या चैत्यभूमीवर ६ डिसेंबरला आणि नागपूरच्या दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला भरणाऱ्या बाजारात पुस्तकांच्या शेजारी अशा स्टिकरांचे ढीग असतात. १९६६ मध्ये शिवसेना स्थापन झाल्यावर ‘जय महाराष्ट्र’ आणि डरकाळी फोडणारा वाघ शाखांच्या फलकांवरून गाड्यांवर उतरला. ९ ऑगस्ट २०१६ रोजी औरंगाबादेत निघालेल्या पहिल्या मराठा क्रांती मोर्चानंतर ‘एक मराठा लाख मराठा’ हे शब्द काही महिन्यांत राज्यभरच्या मागच्या काचांवर आले. मोर्चे मूक होते. गाड्या मात्र बोलत राहिल्या.

या सगळ्यांना आकार दिला तो आरटीओ कार्यालयाच्या आसपास आणि गॅरेजच्या ओळीत बसणाऱ्या रेडियमवाल्यांनी. परावर्तक कागदाच्या गुंडाळ्या, कटर, खरडपट्टी आणि साबणाचे पाणी एवढ्या सामानावर हा धंदा चाले. कारागीर अक्षरे हाताने कापी, काचेवर ओल्या हाताने बसवी आणि खालचे बुडबुडे काढी. पुढे संगणकाला जोडलेले प्लॉटर आले आणि शिवाजी महाराजांची राजमुद्रा किंवा घोड्यावरची मूर्ती बारीकसारीक तपशिलांसह कापता येऊ लागली. छापखान्याच्या ठरावीक घोषणांपेक्षा इथे मागणी निराळी असे: ‘आई’, आई-वडिलांचा आशीर्वाद, तुळजाभवानी किंवा खंडोबाची कृपा, मुलांची नावे, गावाचे नाव, आडनाव, ‘पैलवान’, ‘बळीराजा’. मोटार वाहन कायदा जुलै १९८९ मध्ये अमलात आला आणि नोंदणीसाठी एमएच मालिका सुरू झाली. तेव्हापासून पुण्याचा १२, कोल्हापूरचा ०९, साताऱ्याचा ११ हे आकडेही अभिमानाचे झाले. कराडला स्वतंत्र ५० मिळाल्यावर तो आकडा काचेवर मोठा करून लावणारे पुष्कळ निघाले. प्रशासनाने सोयीसाठी दिलेला क्रमांक लोकांनी गावकीची खूण म्हणून उचलला, ही या इतिहासातली फार बोलकी गोष्ट आहे.

केरळातून आलेल्या एका चित्राने हे सगळे बाजूला सारले. कासरगोड जिल्ह्यातल्या कुंबळे गावच्या करण आचार्य या तरुण चित्रकाराने २०१५ मध्ये मित्रमंडळींच्या गणेशोत्सवाच्या झेंड्यासाठी हनुमानाचा चेहरा काढला. नारिंगी आणि काळा असे दोनच रंग, कपाळाला आठ्या, करडी नजर. मोबाइलवरून तो पसरला आणि रेडियमवाल्यांच्या प्लॉटरवर गेला. बंगळुरू, पुणे, मुंबई, दिल्ली इथल्या असंख्य मोटारींच्या मागच्या काचेवर तो दिसू लागला. २०१८ मध्ये पंतप्रधानांनी मंगळूरच्या सभेत त्याचे कौतुक केले. भक्ताचा नम्र हनुमान पाहत वाढलेल्या अनेकांना तो आक्रमक वाटला, तर अनेकांना आपल्या श्रद्धेचा जोम त्यात दिसला. एकही शब्द नसलेले हे चित्र दोन्ही बाजूंनी राजकीय म्हणूनच वाचले गेले.

कायद्याने भारतात या गोष्टीकडे मतस्वातंत्र्यापेक्षा वाहतुकीच्या अंगाने पाहिले. केंद्रीय मोटार वाहन नियमांनी नंबर प्लेटवरच्या अक्षरांचे आणि आकड्यांचे माप ठरवून दिले असले, तरी ४१४१ चे वळण बदलून ‘दादा’ आणि २१४ चे ‘राम’ करणाऱ्या प्लेटा राज्यात वर्षानुवर्षे फिरल्या आणि दंड होऊनही पुन्हा लागल्या. एप्रिल २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काचांवरच्या काळ्या फिल्मला मनाई केली. जातीच्या स्टिकरांचा प्रश्न उत्तर प्रदेशात ऐरणीवर आला, आणि त्याला निमित्त महाराष्ट्रातल्या एका शिक्षकाच्या पत्राचे झाले. तिथल्या गाड्यांवर मिरवली जाणारी जातीची नावे समाजाला घातक आहेत, असे त्यांनी पंतप्रधान कार्यालयाला कळवले. ते पत्र राज्याकडे गेले आणि डिसेंबर २०२० मध्ये अशा वाहनांवर कारवाईचे आदेश निघाले. सप्टेंबर २०२५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर उत्तर प्रदेश सरकारने वाहनांवरच्या जातिदर्शक मजकुराला पुन्हा स्पष्ट मनाई केली. वर्चस्व गाजवण्यासाठी लावलेले आडनाव आणि अपमानाला उत्तर म्हणून लावलेले अभिवादन यांत फरक कसा करायचा, हा अवघड भाग असे आदेश वाहतूक पोलिसाच्या समजुतीवर सोडून देतात.

नंबर प्लेटपुरता प्रश्न मात्र यंत्राने सोडवला. १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना ठरावीक साच्यात ठोकलेली, होलोग्राम असलेली आणि पुन्हा न उघडणाऱ्या कुलपाने बसवलेली उच्च सुरक्षा प्लेट सक्तीची झाली. महाराष्ट्राने पुढे जुन्या वाहनांनाही ती लागू केली. तिच्यावर आकड्याचे वळण बदलता येत नाही आणि वर काही चिकटवले तर दंड होतो.